अक्का, बोटीचं तिकीट किती?

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की विमानात बसून आलेले बेळगावात गल्लोगल्ली सापडतील खरं बोटीतनं समुद्र ओलांडलेला माणूस कंदील घेऊन शोधावा लागतोय. झालं. तेवढ्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि एवढे व्हॉट्सअ‍ॅप आलेत की नेहमीचे पेन्शनचे, लग्नाचे आणि भाडेकरूंचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवलेत, त्यांनी रागवू नये. सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, पैसे किती लागतात. आपण घाटावरची माणसं, समुद्र आपल्याला कुठल्याही बाजूनं घाट उतरल्याशिवाय दिसत नाही, म्हणून माझा हिशोब धक्क्यापासून सुरू होत नाही, तुमच्या घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतोय. पटला तर घ्या.

प्रश्न : अक्का नमस्कार. मुलगा ठाण्याला असतोय, आम्ही वर्षातनं दोनदा गाडी घेऊन जातो. आता मुंबईहून विजयदुर्गला गाडीसकट नेणारी बोट म्हणून पेपरात आलं होतं. येताना तिकडनं आलं तर हायवेचा त्रास वाचेल आणि पोरांनाही समुद्र बघायला मिळेल असं मिसेसचं म्हणणं. चौघं आणि गाडी, परवडेल काय?
– एक वाचक, निपाणी

अक्का : दादा, मिसेसना आधी सांगा की आयडिया झकास आहे, मग हा कागद दाखवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या रो-रो बोटीचे जे दर जाहीर झाले त्यात साध्या वर्गाला माणशी २५०० रुपये, त्याच्या वरच्या वर्गाला ४०००, बिझनेसला ७५०० आणि फर्स्ट क्लासला ९००० असं होतं, गाडीचे वेगळे ६०००, मोटरसायकलचे १०००. तुम्ही चौघं साध्या वर्गात म्हणजे दहा हजार, गाडीचे सहा, झाले सोळा हजार, तेही एका बाजूचे. आता रस्त्याचं बघा. मुंबई ते निपाणी सव्वाचारशे किलोमीटर धरा, गाडी लिटरला पंधरा देत असेल तर अठ्ठावीस लिटर, म्हणजे तीन हजारांच्या आत पेट्रोल आणि टोलचे हजारभर, सगळं मिळून चार हजार. चारच्या जागी सोळा. आणि बोट तुम्हाला निपाणीत आणून सोडत नाही, ती विजयदुर्गला सोडते, तिथनं तळेरे, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी करत दीडशेच्या पुढं किलोमीटर परत गाडी चालवायचीच आहे. आपला देवगड-निपाणी रस्ता आहे म्हणा, नावातच समुद्र आणि निपाणी दोन्ही आहे, खरं घाटात रात्र झाली की मिसेस तुम्हालाच बोलणार, मला नाही.

मग ही बोट कुणाला परवडते? ज्याचं घरच देवगड, विजयदुर्ग, जयगड भागात आहे आणि जो गणपतीला मुंबईहून खड्डे मोजत बारा-चौदा तास जातो त्याला. जयगडला तीन-साडेतीन तास आणि विजयदुर्गला पाच-सहा तास असं त्यांनी सांगितलं होतं, त्या माणसाच्या कंबरेला तो हिशोब वेगळा लागतो. आपल्याला चौपदरी हायवे दारात आहे.

पोरांना बोटीत गाडी घालायची मजाच दाखवायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरनं मांडव्याला जावा. ही रो-रो २०२० च्या मार्चपासून आहे, तासाभरात पलीकडं, गाडीचं भाडं गाडीच्या मापावर, साधारण हजार-बाराशे धरून चला आणि माणसांचं वेगळं. अलिबागला रस्त्यानं जायचं म्हणजे पनवेल-पेण करून शंभरेक किलोमीटरचा वळसा, तो वाचतो, म्हणजे इथं तुमचं पैसे देणं फुकट जात नाही. गाडी खालच्या मजल्यावर लावायची, हँडब्रेक ओढायचा, वर जाऊन वडापाव खायचा. ठाण्याला मुक्काम आहेच, एक रविवार काढा.

गाडी नको असेल तर गेटवेवरनं मांडव्याला कॅटमरान, म्हणजे नुसत्या माणसांच्या वेगवान बोटी जातात, काहींच्या तिकिटात पुढं अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. पावती फेकू नका, बसला तीच दाखवावी लागते. आमच्या भावजयनं ती पावती शेंगदाण्याच्या पुडीबरोबर फेकली आणि मग अलिबागपर्यंतच्या रिक्षाचे पैसे तोंड न उघडता तिनंच मोजले.

प्रश्न : मी हायस्कूलला शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा आणि बारावीचा मुलगा अंदमानला जायचं म्हणतोय. सेल्युलर जेल बघायचं फार मनात आहे. विमानाचे रेट बघून डोळे फिरले. कुणीतरी म्हणालं जहाजानं दोन-अडीच हजारात जाता येतं. खरं आहे काय? तुम्ही गेला होता म्हणे.
– एक ताई, संकेश्वर

अक्का : गेले होते, आणि परत विमानानं आले, यातच अर्धं उत्तर आलं बघा.

जहाजं चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सुटतात, महिन्यातनं मोजक्याच फेऱ्या, विशाखापट्टणमची त्याहून कमी. जायचं ते पोर्ट ब्लेअरला, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम झालंय. सगळ्यात स्वस्त वर्ग बंक, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये एकावर एक बर्थ, आपल्या रेल्वेच्या स्लीपरसारखं खरं भिंती लोखंडाच्या आणि खिडकी असेलच असं नाही. बंकला अडीच-तीन हजार आणि केबिनला वर्गाप्रमाणं सहापासून दहा हजारापर्यंत असं गेल्या काही वर्षांतलं माप आहे. बेटावरच्या रहिवाशांना यात मोठी सवलत असते, तुम्हाला ऐकू आलेला एखादा फारच स्वस्त आकडा त्यांचा असणार, आपला नाही. जेवणाचे पैसे वेगळे.

आता उंबऱ्यापासून मोजू. संकेश्वर ते बेळगाव किंवा घटप्रभा, तिथनं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रातोरात बेंगळुरू, मग चेन्नई. एक रात्र आणि एक दिवस गेला. चेन्नईत लॉज, कारण जहाजाच्या दिवशी सकाळी पोचायचं धाडस कुणी करू नये, बंदराच्या गेटवर ओळखपत्रं, सामानाची तपासणी, रांग, सगळं धरून चार-पाच तास आधी जावं लागतं. मग समुद्रावर साठ ते सत्तर तास. म्हणजे घरातनं निघाल्यापासून पाचव्या दिवशी तुम्ही अंदमानात पाय ठेवणार आणि परत यायला तेवढेच, झाले दहा दिवस, त्यात जेल अजून बघितलेलं नाही. दिवाळीची सुट्टी किती असते ते तुम्हीच मला सांगा, तुम्ही शिक्षिका आहात.

आणि तारीख. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती म्हणून ठासून लिहिते. जहाजाची तारीख म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. आमचं जहाज दोन दिवस पुढं गेलं. कारण विचारलं तर खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं की बोर्ड बघा. बोर्डावर फक्त नवी तारीख. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दोन रात्री जादा, रिक्षा, तिघांचं जेवण, बंकमध्ये जेवढे वाचवले तेवढे चेन्नईत घातले आणि वर पोंगल खाऊन खाऊन माझ्या मिस्टरांना भाकरीची स्वप्नं पडायला लागली. म्हणून परतीचं विमानाचं तिकीट काढताना मध्ये दोन दिवस मोकळे सोडा, नाहीतर जहाज लेट झालं की विमानही जातं.

एवढं असूनही मी जहाज नको म्हणणार नाही. पहिल्या रात्री झोप लागली नाही, जमीन सारखी गुणगुणत होती, पाय टेकला की टाचेतनं आवाज वर यायचा. सकाळी चहाला रांग, घरनं स्टीलचा पेला नेला होता तो उपयोगी पडला. दुसऱ्या दिवशी डेकवर गेले तर पाणी निळं नाही, दौतीतल्या शाईसारखं काळपट, आणि चारी बाजूला काहीच नाही, मोबाइलला रेंज नाही, एकसुद्धा पक्षी नाही. मग पाण्यातनं चिमूटभर चांदी उधळावी तसे उडते मासे निघाले आणि शेजारी उभ्या असलेल्या बंगाली आजोबांनी मला कोपर मारून दाखवले, भाषा येत नव्हती म्हणून कोपरानंच. याच पाण्यातनं सावरकरांना मद्रासहून महाराजा नावाच्या बोटीतनं नेलं, ४ जुलै १९११ ला ते तिथं उतरवले गेले. आम्ही स्वेच्छेनं, तिकीट काढून, पेल्यात चहा घेऊन निघालो होतो आणि तरी तिसऱ्या दिवशी जमीन कधी दिसतेय असं झालं होतं. तुमच्या मुलाला जेल बघायच्या आधी हे बघायला मिळालं तर पुस्तकापेक्षा जास्त कळेल. आणि हो, तेच सावरकर १९५० साली बेळगावच्या जेलमध्येही काही महिने होते, हे आपल्याकडच्या कितीतरी पोरांना माहीत नसतं.

तर माझा सल्ला, जाताना जहाज, येताना विमान, आणि हे दिवाळीत नाही, मेच्या सुट्टीत पहिल्याच आठवड्यात, पावसाच्या आधी. बंक नको, तिघांना मिळून केबिन बघा. बाईमाणसाला संडास-बाथरूम जवळ असणं याची किंमत तिसऱ्या दिवशी कळते. पोचल्यावर हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीपला जायला परत बोट लागतेच, सरकारी बोट स्वस्त आणि सावकाश, खासगी दीड-दोन तासांत पोचवते खरं माणशी हजाराच्या वर घेते. तेही एका बाजूचे. हा खर्च सगळे विसरतात.

प्रश्न : गाडी लागणाऱ्या माणसाला बोट पण लागते काय?
– अनगोळ, बेळगाव

अक्का : लागू शकते, नेम नाही. मला चोर्ल्याच्या वळणात गाडी लागत नाही आणि बोट मात्र सुटायच्या आधीच लागते. रिकाम्या पोटी जाऊ नका, तसंच आदल्या रात्री मटणावर ताव मारूनही जाऊ नका. मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर बसा, तिथं हेलकावा कमी. मोबाइल खिशात, नजर लांब पाणी आणि आभाळ मिळतात त्या रेघेवर. गोळी घ्यायची तर बोट सुटायच्या आधी अर्धा-एक तास, उलटी सुरू झाल्यावर नव्हे, आणि कुठली ते डॉक्टरांना विचारून, कारण त्यानं झोप येते. आलेपाक जवळ ठेवा. नाही उपयोग झाला तर निदान तोंड गोड.

प्रश्न : आम्ही कृष्णाकाठची माणसं. पूल नव्हता तवा रोज नावेतनंच पलीकडं रानात जायचं, तिकीट-बिकीट काय नव्हतं, सुगी झाली की नावाड्याला जोंधळं घालायचं. आता रिटायर झालोय, पासपोर्ट काढलाय. तमिळनाडूतनं श्रीलंकेला बोट सुरू झालीय म्हणत्यात. मी आणि मंडळी, दोघंच. नावेची सवय हाय, भ्या न्हाई. खर्चाचं तेवढं सांगा.
– एक वाचक, चिकोडी तालुका

अक्का : काका, जोंधळ्यावर चालणारी बोट आता राहिली नाही याचं मलाही वाईट वाटतं.

बोट नागपट्टिनमहून सुटते आणि जाफन्याजवळच्या कांकेसंथुराईला जाते. साधारण एकशेदहा किलोमीटर, चार तासांच्या आसपास. १४ ऑक्टोबर २०२३ ला मोठ्या थाटात सुरू झाली तेव्हा तिकीट ७६७० रुपये होतं, आणि थोड्याच दिवसांत बंद पडली. मग १६ ऑगस्ट २०२४ ला दुसऱ्या बोटीनं परत सुरू झाली, शिवगंगाई तिचं नाव, दीडशे माणसांची, तेव्हा साधं तिकीट पाच हजारांच्या घरात आणि वरच्या वर्गाचं साडेसात. दोघांचे जाऊन येऊन वीस हजार धरा म्हणजे वर काही सुटे पैसे लागले तरी चिडचिड नको. परदेश आहे, त्यामुळं पासपोर्ट, श्रीलंकेची ऑनलाइन परवानगी, कस्टम, सगळं विमानासारखंच, फक्त खुर्ची हलते.

आता ऋतूचं ऐका. आपल्याकडं पाऊस जून ते सप्टेंबर, तिकडं त्या किनाऱ्याला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, परतीचा मान्सून. पहिल्यांदा बोट बंद पडली ती त्यामुळंच. आपल्याकडं आभाळ मोकळं झालं म्हणून तुम्ही दिवाळीनंतर निघाल आणि तिकडं बोट बांधून ठेवलेली असेल. फेब्रुवारी-मार्च बघा.

दुसरं, श्रीलंकेत नेमकं काय बघायचं आहे? जाफना, नल्लूरचं मंदिर आणि तो उत्तरेचा भाग असेल तर बोट सरळ दारात नेते. खरं तुमच्या मंडळींना कँडी, चहाचे मळे, कोलंबो बघायचं असेल तर जाफन्याहून कोलंबो चारशे किलोमीटर आहे, रेल्वेनं एक अख्खा दिवस. त्यात चिकोडी ते नागपट्टिनम हे अंतरच असं आहे की बेंगळुरू, मग पुढं रात्रभर, मग उकाड्यात मुक्काम. बेंगळुरूहून कोलंबोला विमान आहे, त्याचं भाडं आधी बघून घ्या, कधी कधी ते दोन्ही प्रवासांच्या बेरजेपेक्षा खाली येतं. बोटीचं तिकीट विमानापेक्षा स्वस्त आणि बोटीचा प्रवास विमानापेक्षा महाग, असा हा प्रकार आहे.

एक गंमत. पूर्वी रेल्वे आणि बोट असं एकच तिकीट काढून मद्रासहून कोलंबोला जाता यायचं, पांबनचा पूल १९१४ ला झाला तेव्हापासून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे आणि तिथनं समोर तलैमन्नारला बोट. १९६४ च्या डिसेंबरमधल्या वादळात धनुष्कोडी गेलं, रेल्वेसकट. तुम्ही नागपट्टिनमला जाणारच असाल तर वाकडी वाट करून धनुष्कोडीची ती पडकी भिंताडं बघून या, त्याला तिकीट नाही.

आणि नावेची सवय आहे म्हणून गाफील राहू नका काका. नदीला पलीकडचा काठ दिसतोय, तिथं नाही.

प्रश्न : बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात काय? आम्हाला एका ठिकाणी ‘नियमात बसत नाही’ म्हणून सांगितलं.
– वडगाव, बेळगाव

अक्का : तुम्हाला निदान सांगितलं तरी. मी एका धक्क्यावर, नाव नको लिहायला, सकाळी साडेसातला आले तर वारा जास्त म्हणून बोट रद्द, आणि तिकिटाच्या पैशातनं ‘बुकिंग चार्ज’ कापून बाकीचे पंधरा दिवसांनी खात्यात. बोट त्यांनी रद्द केली आणि चार्ज मी भरला. बरं, वाऱ्यात बोट सोडली नाही याबद्दल माझी तक्रार नाही, ते बरोबरच केलं. तक्रार आहे ती त्या लॉजच्या दुसऱ्या रात्रीची, परत घाट चढायच्या टॅक्सीची आणि चुकलेल्या बारशाची, जे कुणाच्याच नियमात बसत नाही.

तिकीट काढतानाच एवढं विचारा, तुम्ही रद्द केली तर किती आणि मी रद्द केलं तर किती, ही दोन वेगळी उत्तरं असतात आणि ऑनलाइन काढताना दोन्ही एकाच बारीक परिच्छेदात असतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा. लांबचा प्रवास असेल आणि इन्शुरन्स घेत असाल तर बोट लेट किंवा रद्द झाल्यावर तो लागू आहे काय हे एजंटाकडनं लिहून घ्या. तोंडानं सगळेच हो म्हणतात.

प्रश्न : शाळेची सहल मालवणला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीनं नेणार. पेपरमधल्या बातम्या वाचून जीव घाबरतोय. पाठवू की नको? वर बोटीचे जादा पैसे मागितलेत ते वेगळंच.
– एक आई, खानापूर

अक्का : ताई, पाठवा. खरं विचारून पाठवा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा जणं गेली, त्या बोटीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती हेही नंतर बाहेर आलं. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती वाढली. तर सरांना विचारायचे प्रश्न दोनच : प्रत्येक पोराच्या अंगात जॅकेट असणार काय, अंगात, सीटखाली नव्हे, आणि पोराच्या मापाचं असणार काय. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान पोराला घातलं तर पोर खालनं निसटतं. बोटीवर किती माणसांची परवानगी ते बाहेर रंगवलेलं असतं, सरांनी डोकी मोजावीत.

पैशाचं म्हणाल तर मालवणची होडी पंधरा-वीस मिनिटांची आहे, जाऊन-येऊन तिकीट शंभराच्या आगंमागं. शाळेनं त्याचे तीनशे मागितले असतील तर बोटीचे नाहीत ते, मास्तरांच्या सोलकढीचे आहेत. मीही मास्तरीण होते, मला बोलायचा हक्क आहे.

एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात उघड्या समुद्रातल्या बहुतेक प्रवासी बोटी साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात. कुणी जुलैत ‘खास तुमच्यासाठी सोडतो’ म्हणाला तर हात जोडून मागं फिरायचं. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना, मुंबई मागं दिसत असताना, आणि सहाशेच्या वर माणसं गेली.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र बाईकवरनं अलिबाग ते गोवा किनाऱ्यानं येणार. किती ठिकाणी बोटीत बाईक घालावी लागते?
– अथणी

अक्का : उत्तरेकडनं येताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. या सगळ्या खाडीवरच्या फेरीबोटी, दहा-पंधरा मिनिटांच्या, बाईकचे आणि माणसाचे मिळून शंभराच्या आतच. दाभोळची २००३ पासून आहे, तिथनंच हा प्रकार सुरू झाला. शेवटची फेरी किती वाजता ते आधी विचारा, चुकली तर अर्धा जिल्हा फिरून यावं लागतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा, खाडीत यूपीआय कधी चालतं, कधी गोल गोल फिरतं.

प्रश्न : आमची आजी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. लग्न होऊन ती वेंगुर्ल्याहून आगबोटीनं मुंबईला गेली होती असं सांगते. खलाश्यानं खांद्यावर उचलून होडीत ठेवलं म्हणते. आम्हाला वाटायचं थापा मारतीय. आता तिचं एकच म्हणणं, मरायच्या आधी एकदा बोटीत बसवा. गुडघे गेलेत, चार पावलं चालती तेवढंच. कुठली बोट बघू? पैशाचं बघून घेऊ.
– एक नात, शहापूर

अक्का : बाळ, आजी थापा मारत नाही. आधी जाऊन तिची माफी माग.

वेंगुर्ल्याला आगबोट धक्क्याला लागायचीच नाही, लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या सगळं पडावातनं, म्हणजे लहान होडीतनं तिथपर्यंत न्यायचं. पडावसुद्धा वाळूला टेकत नसे, मग गुडघाभर पाण्यातनं बायकांना आणि म्हाताऱ्यांना खलाशी उचलून न्यायचे. माझ्या आईची मावशी सांगायची की नव्या लुगड्याचा काठ भिजू नये म्हणून तिनं तो दातात धरला होता आणि म्हणून तिला ओरडतासुद्धा आलं नाही. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून सगळी लग्नं आणि सगळी येणीजाणी मेच्या आत उरकायची.

आणि वेंगुर्ला काही आपल्याला परका नाही. हिंडलग्याकडनं जो रस्ता जातो त्याला आपण आजही वेंगुर्ला रोडच म्हणतो. १८८७-८८ च्या सुमारास रेल्वे बेळगावला आली आणि कॅसलरॉकवरनं मुरगावला जोडली गेली, त्याच्या आधी बेळगावच्या छावणीचं सामान वेंगुर्ल्याला उतरायचं आणि बैलगाड्यांनी घाट चढून यायचं. रेल्वे आली तरी ज्यांचे सोयरे तळकोकणात त्यांना मुंबई गाठायला बोटच सोपी आणि स्वस्त, डेकवर चटई टाकली की झालं. तुझी आजी त्यातलीच.

आता वेंगुर्ल्याहून मुंबईची बोट नाही. मुंबईची कॅटमरान वगैरे आजींना नको, तिथल्या पायऱ्या, गर्दी आणि हलती फळी, धडधाकट माणूस डगमगतो. तिला अशी बोट पाहिजे जिच्यात गाडीतनं उतरावंच लागणार नाही. अशी आहे. सकाळी लवकर निघा, आंबोलीत चहा, सावंतवाडी, मग वेंगुर्ला. बंदरावर गाडी उभी करून तिला समुद्र दाखवा, तिला काय काय आठवतंय ते मोबाइलवर रेकॉर्ड करा, हे आधी, कारण दुपारी ती झोपणार. मग शिरोडा, रेडी करत तेरेखोलला या. तिथं गोवा सरकारची फेरीबोट आहे, तेरेखोलच्या खाडीतनं पलीकडं केरीला. गाडी सरळ फळीवरनं आत जाते. भरती-ओहोटी विचारून जावा, पाणी फारच खाली गेलं की फेरी थांबते. नदीचं तोंड तिथंच असल्यामुळं डाव्या हाताला खाडी आणि उजव्या हाताला उघडा समुद्र दिसतो, म्हणून आजींना ड्रायव्हरच्या मागं, उजवीकडं समुद्र येईल अशा बाजूला बसवा आणि बोट सुटायच्या आधी काच पूर्ण खाली घ्या, एसी बंद करा, नाहीतर वासच येणार नाही आणि वासाशिवाय तिला ती बोट वाटणारच नाही.

खर्च म्हणशील तर गाडीचे किरकोळ पैसे, आणि माणसाला तिकीट नाही. पलीकडं केरीला उतरून दहा मिनिटं थांबा आणि परत त्याच बोटीनं या. ती म्हणेल अजून एकदा. तर अजून एकदा.